शिरोलीचा पीसी राजारामपुरीतून: फाइल सिंक आणि रिमोटची पावसाळ्याआधीची तयारी

शिरोली एमआयडीसीत कारखाना, राजारामपुरीत घर, उद्यमनगरात पॅटर्नवाला (कास्टिंगच्या साच्यासाठी नमुना बनवणारा) आणि खिशात फोन. कोल्हापुरातल्या बऱ्याच छोट्या मशीन शॉपचं काम असं चार ठिकाणी विखुरलेलं असतं. ड्रॉइंग कारखान्यातल्या पीसीवर, त्याची नवी रिव्हिजन लॅपटॉपवर, कास्टिंगचे फोटो फोनमध्ये आणि हिशोबाची टॅली फक्त ऑफिसच्या टेबलावर. एरवी पेनड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपवर निभावतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, रस्ता बंद झाला, तेव्हा कारखान्यातल्या पीसीपर्यंत पोचायची सोयच उरली नव्हती. पुढे लिहिलेली सगळी जुळणी अशा दिवशी चालली पाहिजे, या हिशोबाने लिहिली आहे.

आधी एक गोष्ट पक्की करायची. फाइल सगळ्या मशीनवर असणं (सिंक) हे एक काम आणि दूरच्या मशीनवर बसल्यासारखं काम करणं (रिमोट) हे दुसरं. ड्रॉइंग, पीडीएफ, एक्सेल, फोटो यांच्या प्रती सगळीकडे ठेवाव्यात. टॅली, कुठलाही डेटाबेस, आउटलुकची पीएसटी (सगळे मेल साठवणारी) फाइल यांना मात्र सिंकमध्ये घालूच नये. तिथे रिमोटनेच जावं. टॅलीच्या कंपनीचा डेटा म्हणजे आकड्यांच्या नावाच्या फोल्डरमधल्या पुष्कळ फाइल्स, आणि त्या एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. एन्ट्री चालू असताना सिंकने त्यातल्या तीन उचलल्या, दोन राहिल्या, तर दुसऱ्या बाजूला पोचतो तो मोडका डेटा. दोन्हीकडे टॅली उघडी असेल तर मूळ डेटाही हातचा जातो. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि ती बॅकअपची फाइल तेवढी सिंकच्या फोल्डरमध्ये पडू द्या.

सिंकसाठी सिंकथिंग

गुगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट मिळतात, वनड्राइव्हवर ५. बिलं आणि चलनांना तेवढं पुरतं. फक्त वनड्राइव्हमध्ये ढगाचं चिन्ह असलेली फाइल दिसत असली तरी ती मशीनवर उतरलेली नसते, नेट गेलं की उघडत नाही. लागणाऱ्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडून ठेवा.

पण दीडशे-दोनशे जीबीची ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्रॅम असतील, तर माझी पसंती सिंकथिंग या प्रोग्रॅमला. फुकट आहे, कोड खुला आहे, मध्ये कुणाचा सर्व्हर फाइल साठवून ठेवत नाही. फाइल एका मशीनवरून थेट दुसऱ्या मशीनवर जाते. याची किंमत एकच: दोन्ही मशीन एकाच वेळी चालू असावी लागतात. कारखान्याचा पीसी सहाला बंद होतो आणि घरचा लॅपटॉप आठला उघडतो, अशा घरात सिंकथिंग ‘चालत नाही’ अशी तक्रार येणारच. त्यासाठी एक मशीन चोवीस तास चालू हवं. जुना पीसी चालेल, नाहीतर रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक आणि त्याला यूएसबीवर एसएसडी. निवांत असताना पाय पाच वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे बिलात कळतही नाही. हे मशीन घरी ठेवा, कारखान्यात नको. म्हणजे पुराच्या काळात एक प्रत नदीच्या अलीकडे राहते. घर शाहूपुरी, दुधाळी अशा पाणी येणाऱ्या भागात असेल तर वरच्या मजल्यावर.

जोडणी सोपी आहे. सिंकथिंग चालू केलं की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ या पत्त्यावर त्याचं पान उघडतं. सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये त्या पानाला युजरनेम आणि पासवर्ड द्या. मग ‘ॲक्शन्स’मध्ये ‘शो आयडी’. छप्पन्न अक्षरांचा आयडी आणि त्याचा क्यूआर कोड दिसतो. दुसऱ्या मशीनवर ‘ॲड रिमोट डिव्हाइस’मध्ये तो आयडी टाकायचा, पहिल्या मशीनवर विनंती येते ती स्वीकारायची. दोन्हीकडून होकार लागतो, म्हणून नुसता आयडी कुणाला कळला तरी फाइल्स जात नाहीत. त्यानंतर फोल्डर शेअर करायचं आणि दुसऱ्या बाजूला ते कुठे ठेवायचं ते सांगायचं. ऑटोकॅडमध्ये एक्सरेफ (एका ड्रॉइंगमध्ये जोडलेलं दुसरं ड्रॉइंग) वापरत असाल तर रिलेटिव्ह पाथ (ड्राइव्हच्या नावाशिवायचा पत्ता) ठेवा. कारखान्यात डी ड्राइव्ह आणि घरी सी ड्राइव्ह असेल आणि पाथ पूर्ण लिहिलेला असेल, तर फाइल पोचूनही असेंब्ली अर्धी उघडते आणि दोष सिंकवर येतो.

पहिली मोठी कॉपी नेटवरून करू नका. इथे हिशोब मांडून बघण्यासारखा आहे. घेणाऱ्याचं डाउनलोड कितीही असो, वेग ठरतो तो पाठवणाऱ्याच्या अपलोडवर. कारखान्याचं अपलोड २० एमबीपीएस असेल तर २०० जीबी जायला साधारण २२ तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. तेच दोन्ही मशीन एकाच राउटरला गिगाबिट केबलने जोडली तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम. जुनी फिरती हार्ड डिस्क किंवा हजारो बारक्या फाइल्स असतील तर दोन-तीन तास धरा. म्हणून घरचं मशीन एक दिवस कारखान्यात न्या, भरून आणा. पुढे रोजचे बदल तेवढे नेटवरून जातील, आणि तेही फाइलचा बदललेला तुकडाच.

आता तात्पुरत्या फाइल्स वगळायच्या. ऑटोकॅड ड्रॉइंग उघडलं की शेजारी डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ अशा लॉकच्या फाइल्स बनवतो. वर्ड, एक्सेल आणि सॉलिडवर्क्स नावाआधी ‘~$’ लावून तसंच करतात. त्या सिंक झाल्या की घरच्या मशीनला वाटतं ड्रॉइंग कुणीतरी उघडलं आहे, आणि ते ‘रीड ओन्ली’ उघडू शकतं. फोल्डरच्या ‘एडिट’मध्ये ‘इग्नोअर पॅटर्न्स’ आहे. तिथे प्रत्येक ओळीवर एक याप्रमाणे ही एक्स्टेन्शन, ‘~$’ ने सुरू होणारी नावं आणि ऑटोसेव्हची एसव्ही-डॉलर फाइल घाला. ही यादी एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जात नाही, प्रत्येक मशीनवर वेगळी भरावी लागते. बरेच जण इथेच चुकतात.

दोघांनी एकच ड्रॉइंग बदललं तर?

सिंकथिंग ड्रॉइंग जोडून एक करत नाही, दोन्ही ठेवतो. फोल्डरमध्ये एक दिवस असं नाव दिसतं: ‘पंपबॉडी-रेव्ह३.सिंक-कॉन्फ्लिक्ट-२०२५०७१४-१८४२१०’, पुढे सात अक्षरं आणि मग डीडब्ल्यूजी. आधी तारीख, मग वेळ, शेवटची सात अक्षरं म्हणजे बदल करणाऱ्या मशीनच्या आयडीची सुरुवात. म्हणजे कुणाच्या टेबलावरून बदल झाला ते नावातच लिहिलेलं आहे. ही फाइल बघितल्याबरोबर उडवू नका. दोन्ही शेजारी उघडा, मापं ताडून बघा, बरोबर असेल ती मूळ नावाने ठेवा. ज्या फाइलची बदलाची वेळ जुनी, ती बाजूला टाकली जाते, एवढाच नियम आहे. यात शहाणपण काही नाही.

आणि याच नियमामुळे एक खरी भानगड होते. कारखान्यातल्या जुन्या पीसीच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा बटणासारखा सेल असतो. तो संपला की वीज जाऊन आल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं. अशा पीसीवर आज केलेला बदल जुन्या तारखेचा ठरतो, आणि टक्कर झाली की ताजं ड्रॉइंगच बाजूला पडतं. मशीनवर जॉब लागतो तो जुन्या मापाचा. मागची तारीख असली की सुरक्षित वेबसाइटही नीट उघडत नाहीत, त्यावरून ओळखता येतं. सेल बदला आणि विंडोजमध्ये वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू ठेवा.

फाइल्सच्या नावाबद्दलही थोडं. मराठी नावं बिनधास्त द्या, अडचण येत नाही. अडचण येते ती चिन्हांची. विंडोज नावात विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, अवतरण आणि तिरकी रेघ घेत नाही. लिनक्सवर (रास्पबेरी पायवर बहुधा हेच असतं) दिलेलं ‘डिस्पॅच १२:३०’ हे नाव विंडोजच्या बाजूला कधीच उतरत नाही, आणि फोल्डर ‘आउट ऑफ सिंक’ दाखवत बसतं.

फोनचं वेगळं आहे. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. आता सिंकथिंग-फोर्क नावाचं ॲप वापरतात. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून त्याला वगळा आणि फोनमध्ये ऑटोस्टार्टची परवानगी वेगळी असेल तर तीही द्या, नाहीतर स्क्रीन बंद झाली की सिंकही झोपतं. कॅमेऱ्याचं फोल्डर फोनवर ‘सेंड ओन्ली’ ठेवलं की पीसीवरची गडबड फोनमध्ये येत नाही. पण उलट होतं, हे नीट ध्यानात घ्या: जागा करायला फोनमधले फोटो पुसले की ते पुसणंही पाठवलं जातं आणि पीसीवरचे फोटोही जातात. म्हणून पीसीवर महिन्याला फोटो सिंकच्या बाहेरच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचे आणि मगच फोन रिकामा करायचा.

एवढ्यावरून कळेल की सिंक हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेलं, बिघडलेलं, खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, म्हणजे रॅन्समवेअरने, कुलूप घातलेलं, सगळं तितक्याच इमानाने सगळीकडे पोचतं. फोल्डरच्या ‘फाइल व्हर्जनिंग’मध्ये ‘स्टॅगर्ड’ निवडा. पहिल्या तासात दर ३० सेकंदांना एक, पहिल्या दिवसात तासाला एक, ३० दिवसांपर्यंत रोज एक आणि पुढे आठवड्याला एक, अशा जुन्या प्रती तो राखतो. मात्र दुसऱ्या मशीनकडून आलेल्या बदलांच्याच. स्वतः त्याच मशीनवर बसून ओव्हरराइट केलेल्या फाइलची प्रत तिथे राहत नाही. म्हणून व्हर्जनिंग दोन्ही टोकांना लावायचं. आणि याशिवाय एक यूएसबी हार्ड डिस्क, जी सोमवारच्या सुट्टीत लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवायची. कायम लावलेली डिस्क रॅन्समवेअरलाही दिसते.

रिमोटने पोचताना

इथे बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो तो राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडण्यात. केबलवाल्याच्या फायबरवर आणि मोबाइल डेटावर बहुधा सीजीनॅट असतं, म्हणजे शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता). एका वाड्याला एकच दार आणि आत पन्नास बिऱ्हाडं, तसं. बाहेरून कुणी आलं तर त्याला कुठल्या बिऱ्हाडात पाठवायचं ते दाराला माहीत नसतं. तपासायचं असं: राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी बघा, मग ब्राउझरमध्ये आपला आयपी सांगणारी साइट उघडा. दोन आकडे वेगळे असले, किंवा वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या आत आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर घालवलेला वेळ वाया.

स्टॅटिक (न बदलणारा) आयपी असेल तरीही ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट बाहेर उघडू नका. इंटरनेटवर त्या पोर्टवर पासवर्ड मारून बघणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. मे २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या ब्लूकीप या त्रुटीत जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायच शिरता येत होतं. पोर्टचा नंबर बदलल्याने फारसं काही वाचत नाही.

त्यापेक्षा टेलस्केल लावा, म्हणजे आपल्या मशीनना इंटरनेटवरून एका खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम. दोन्ही मशीनवर टाकायचं, एकाच खात्याने लॉगिन करायचं. प्रत्येक मशीनला १०० ने सुरू होणारा कायमचा पत्ता मिळतो आणि मधली वाट वायरगार्ड या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने बंदिस्त असते. राउटरला हात लावावा लागत नाही. विंडोजवर दोन गोष्टी विसरू नका. टेलस्केलच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘रन अनअटेंडेड’ चालू करा, नाहीतर पीसी रीस्टार्ट होऊन कुणी लॉगिन केलं नाही तर तो जाळ्यातून गायब. आणि वेबवरच्या ॲडमिन पानावर कारखान्याच्या पीसीची ‘की एक्स्पायरी’ बंद करा. मुदत १८० दिवसांची असते. जानेवारीत जोडलेलं मशीन ऐन जुलैत तुटतं, आणि पुन्हा लॉगिन करायला समोर माणूस लागतो.

विंडोज प्रो असेल तर सेटिंग्जमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू करा आणि घरून टेलस्केलचा पत्ता टाकून जोडा. विंडोज होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. तिथे रस्टडेस्क हे रिमोटचं ॲप घ्या, त्यात ‘डायरेक्ट आयपी ॲक्सेस’ चालू केलं की टेलस्केलच्याच पत्त्यावर थेट जोडतं. प्रोवर जोडताना पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल आणि त्या पीसीवर आजवर फक्त पिनच टाकला असेल, तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. एकदा पीसीसमोर बसून पासवर्डने लॉगिन करा, मग जमतं.

रिमोट डेस्कटॉपने आत गेलात की कारखान्यातली स्क्रीन लॉक होते. अकाउंटंट तिथे बसून एन्ट्री करत असेल तर त्याच्या हातून पीसी निघून जातो, कारण साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. आधी फोन करा. त्याच्या बरोबरीने तीच स्क्रीन बघायची असेल तर रस्टडेस्क किंवा एनीडेस्क बरं. मराठी टाइप करताना घरच्या मशीनवर इंग्रजी ठेवा आणि मराठी कीबोर्ड पलीकडच्या मशीनवर निवडा. दोन्हीकडे मराठी ठेवलं की अक्षरं भलतीच उमटतात.

वेग कमी वाटला तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘टेलस्केल स्टेटस’ टाका. मशीनच्या नावापुढे ‘डायरेक्ट’ दिसलं तर उत्तम. ‘रिले’ दिसलं तर वाट मधल्या सर्व्हरवरून वळसा घेते आहे. टॅलीला ते चालतं, कॅड फिरवायला त्रास होतो. अशा वेळी ड्रॉइंग सिंकने आलेलं घरच्या मशीनवरच उघडा.

पासवर्डाइतकंच महत्त्वाचं म्हणजे टेलस्केलचं लॉगिन ज्या ईमेल खात्याने आहे त्याला टू-स्टेप लावणं. ते खातं ज्याच्या हातात, त्याच्या हातात कारखाना. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं मशीन ॲडमिन पानावरून आणि सिंकथिंगच्या यादीतूनही त्याच दिवशी काढा. आणि केवायसी किंवा वीजबिलाच्या नावाने फोन करून कुणी रिमोट ॲपचा नंबर मागितला, तर फोन ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे सांगून ठेवा.

वीज, बायोस आणि खरी परीक्षा

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा त्या अर्थाचं काही असतं, ते ‘पॉवर ऑन’वर ठेवा. वीज आली की पीसी आपोआप उठतो. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोज डिस्कला घालतं त्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. बदलानंतर पीसी ती मागू शकतो, आणि निळ्या पडद्यावर अडकलेल्या मशीनपर्यंत रिमोट पोचत नाही. स्लीप आणि हायबरनेट बंद. पीसी यूपीएसवर आणि राउटर भिंतीच्या सॉकेटवर, ही चूक घरोघरी आहे. वीज गेली की पीसी चालू, नेट बंद. राउटर आणि फायबरच्या डब्याला वेगळा मिनी यूपीएस द्या. फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट बघा, काही १२ चे असतात, काही ९ चे.

झोपलेला पीसी वेक-ऑन-लॅनने (नेटवर्कवरून जागं करण्याच्या सोयीने) दुरून उठवता येतो, पण त्याच राउटरला जोडलेलं दुसरं काहीतरी जागं हवं, कारण झोपलेलं मशीन टेलस्केलवर नसतंच. माझ्या मते एका पीसीच्या कारखान्याला हा खटाटोप नको, पीसी चालूच ठेवा.

सगळं झालं की परीक्षा घ्यायची, आणि ती कारखान्याच्या वायफायवरून नव्हे. पीसी रीस्टार्ट करा. लॉगिन करू नका. मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी पुन्हा चढवा, अजूनही लॉगिन करू नका. बाहेर गाडीत बसून लॅपटॉपला फोनचं हॉटस्पॉट द्या आणि जोडा. आत गेलात, टॅली उघडली आणि सिंकथिंग चालू दिसलं, तरच पास. सिंकथिंग बंद सापडलं तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘युजर लॉगिन असो वा नसो’ या पर्यायाने ते लावायचं राहिलं आहे. ही परीक्षा मे महिन्यात घ्या.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ कडे चाललं की रिमोटने टॅलीचा बॅकअप काढा, सगळी फोल्डर्स दोन्हीकडे ‘अप टू डेट’ झाल्याचं बघा, मग पीसी नीट बंद करून तिथे जो असेल त्याला प्लग काढायला आणि सीपीयू माळ्यावर ठेवायला सांगा.

पाणी ओसरल्यावरची घाई जास्त नुकसान करते. पीसी फक्त बंद होता असं असेल तर चालू करा, तो मागचे बदल स्वतः ओढून घेईल. डेटाची डिस्क भिजली आणि नवी बसवली, तर सिंकथिंग ‘फोल्डर मार्कर मिसिंग’ म्हणून थांबतं. प्रत्येक फोल्डरमध्ये तो एसटीफोल्डर नावाची खूण ठेवतो, आणि ती दिसली नाही की हात आखडता घेतो. ही खूण हाताने तयार करू नका. केलीत तर त्याच्या जुन्या नोंदीत हजारो फाइल्स आणि समोर रिकामं फोल्डर, म्हणजे मालकाने सगळं पुसलं असा त्याचा समज होतो, आणि घरची शाबूत प्रतही पुसली जाते. ते फोल्डर त्या पीसीच्या सिंकथिंगमधून काढून टाका, नव्याने ‘रिसीव्ह ओन्ली’ म्हणून जोडा, घरून सगळं उतरू द्या. शेवटची फाइल आल्यावर ‘सेंड अँड रिसीव्ह’ करा. कपाटातल्या डिस्कवरची जुनी प्रतही थेट त्या फोल्डरमध्ये पेस्ट करायची नाही. ती वेगळीकडे उघडा आणि जे कमी पडलं असेल तेवढंच हाताने आत न्या.